टाक्यांच्या भीतीने सिझर मागू का?

पत्र : ताई, मी २६ वर्षांची, डिचोली तालुक्यातली. पहिलीच खेप, ३३वा आठवडा चालू आहे. तारीख चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आसपासची दिलीय. माझी मोठी बहीण आठ महिन्यांपूर्वी बाळंत झाली. शेवटी कोणीतरी तिचं पोट वरून दाबलं, चिमटा लावून बाळ काढलं, खाली पुष्कळ टाके पडले. ती अजून उशीशिवाय लाकडी बाकावर बसत नाही. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. आणि तिने फक्त मला सांगितलंय की वारा सरतो तो तिला थांबवता येत नाही, म्हणून ती लग्नकार्यालाही जात नाही. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. सासूबाई म्हणतात, एवढी भीती असेल तर चवथीआधी सिझर करून मोकळी हो. शेजारची काकी म्हणते, रोज तूप पी, बाळ सुळकन येईल. खाली फाटू नये म्हणून खरंच काही करता येतं, की ते नशिबावर? – एक पहिलटकरीण

बाय,

आधी तुझ्या बहिणीविषयी लिहिते, मग तुझ्याविषयी. तुझ्या हातात अजून सहा-सात आठवडे आहेत, तिचे आठ महिने मात्र वाया गेले आहेत.

वारा थांबवता न येणं हे 'बाळंतपणानंतर होतंच' या सदरात टाकू नका. गुदद्वाराभोवती स्नायूचं एक कडं असतं. वारा आणि शौच धरून ठेवायचं काम त्याचं. बाळाचं डोकं बाहेर येताना, विशेषतः चिमटा लावावा लागला तर, हे कडं कधी कधी फाटतं. बाळंतपणानंतर लगेच नीट तपासलं, त्यात गुदद्वारात बोट घालून बघणंही आलं, तर ते लक्षात येतं. मग ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन तो स्नायू वेगळा शिवतात. तपासणी घाईत झाली तर वरचे टाके पडतात आणि आतली इजा तशीच राहते. तिच्या बाबतीत असंच झालं असेल असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण तिला दाखवायलाच हवं, आणि दाखवायला आठ महिने म्हणजे उशीर झाला असंही नाही. गुदद्वाराच्या सोनोग्राफीत तो स्नायू दिसतो, त्याच्यासाठी फिजिओथेरपी असते आणि गरज पडली तर दुरुस्तीही होते. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना तिने शब्द न बदलता सांगावं, 'मला वारा थांबवता येत नाही', आणि बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, स्त्रीरोग विभागासाठी चिठ्ठी मागावी. बसताना दुखणं आणि नवऱ्याजवळ जाताना दुखणं हेही त्याच भेटीत सांगावं. डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावं. चिमटा लावला होता का, टाके कुठपर्यंत होते, हे त्याच्यावर लिहिलेलं असतं.

आता तुझा प्रश्न. नशिबाचा भाग थोडा आहे, तो मी लपवत नाही. बाळ केवढं, त्याचं तोंड कुठल्या बाजूला, चिमटा लावायची वेळ येते का, हे पुरतं कोणाच्या हातात नसतं. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं रॉयल कॉलेज सांगतं की पहिल्यांदा खालून बाळंत होणाऱ्या १० जणींपैकी ९ जणींपर्यंत कोणाला खरचटतं, कोणाला फाटतं, कोणाला जागा मोकळी करायला कात्रीने चीर द्यावी लागते. हा आकडा वाचून घाबरू नकोस. त्यातल्या बहुतेकींना नुसती कातडी किंवा तिच्याखालचा स्नायू फाटतो. टाके विरघळतात आणि काही आठवड्यांत सगळं भरून येतं. गुदद्वाराच्या कड्यापर्यंत जाणारी खोल इजा त्यांच्याकडे पहिलटकरणींत १०० मध्ये सुमारे ६ जणींना होते. तीही वेळेवर ओळखून शिवली तर १०० पैकी ६० ते ८० जणींना वर्षभरानंतर काही त्रास उरत नाही. म्हणजे तुझ्या बहिणीचं जे झालं ते सगळ्यांचं होत नाही, आणि ज्यांचं होतं त्यांनाही ते आयुष्यभर वागवावं लागतंच असं नाही.

सिझरविषयी सासूबाईंना माझ्या वतीने एवढंच सांग. त्यांची काळजी खरी आहे, पण सिझर म्हणजे पोटाचं मोठं ऑपरेशन. टाके तिथेही असतात, फक्त जागा वेगळी. पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यावर रुतून बसण्याचा धोका वाढतो. शिवाय ३९ आठवड्यांच्या आधी कारणाशिवाय सिझर केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. चवथ पुढच्या वर्षीही येणार आहे. गोव्यात तसंही सिझरचं प्रमाण मोठं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ते १०० मध्ये जवळजवळ ४० होतं. आई किंवा बाळ अडचणीत असेल तेव्हा सिझर जीव वाचवतं आणि त्या वेळी त्याला नाही म्हणू नये. सगळं समजून घेऊनही तुझी भीती कमी झाली नाही, तर तेही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोल. भीती हे काही क्षुल्लक कारण नव्हे. पण बहिणीच्या टाक्यांच्या धसक्याने आज लगेच ठरवू नकोस.

काकीच्या तुपाचं उत्तर सोपं आहे. तूप पोटात जातं, बाळ गर्भाशयातून येतं, दोन्ही वाटा वेगळ्या. जेवणात चमचाभर तूप घे, वाटीभर नको. एरंडेल तर स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नकोस. खाण्याचा या गोष्टीशी खरा संबंध आहे तो साखरेच्या बाजूने. गरोदरपणात साखर वाढली आणि ताब्यात राहिली नाही, तर बाळ फार मोठं होऊ शकतं, आणि ४ किलोच्या वरच्या बाळाला खोल फाटण्याचा धोका जास्त. ग्लुकोजचं पाणी पाजून करतात ती तपासणी झाली नसेल तर या आठवड्यात करून घे.

आता जे तुझ्या हातात आहे ते. ३४-३५ आठवड्यांपासून खालच्या जागेची मालिश सुरू कर. आपण तिला 'खाली' एवढंच म्हणतो, त्या जागेला घरात नावसुद्धा नाही. योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधला तो भाग, डॉक्टर त्याला पेरिनियम म्हणतात. आंघोळ करून यायचं, नखं कापलेली, हात स्वच्छ. पाठीला उशा लावून अर्धवट बसायचं, गुडघे वाकवून बाजूला सोडायचे. पहिल्यांदा आरसा धरून बघितलंस तर बरं. घरचं साधं खोबरेल अंगठ्यांना लावायचं, वासाचं तेल किंवा व्हॅसलीन नको. अंगठे योनिमार्गात तीन-चार सेंटिमीटर आत घालून खाली, गुदद्वाराच्या दिशेने, हळूहळू दाबायचं. किंचित चुरचुरेल, ताण जाणवेल. तिथेच मिनिटभर थांबायचं आणि श्वास सोडत अंग सैल करायचं. मग बोटं खालून दोन्ही बाजूंना, होडीच्या तळासारखी, फिरवत न्यायची. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. पोट आड येत असेल आणि तुमच्या दोघांचं मन मानत असेल तर नवरा मदत करू शकतो, तो बोटं वापरेल. दुखायला लागलं की थांबायचं.

याचा उपयोग किती? जे अभ्यास झाले त्यांत पहिलटकरणींमध्ये टाके घालावे लागण्याचं आणि चीर द्यावी लागण्याचं प्रमाण कमी झालं. साधारण १५ जणींनी मालिश केली तर एकीचे टाके वाचतात. फार मोठा आकडा नाही, पण फुकटचा उपाय आहे, आणि मला त्याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा वाटतो. त्या ताणाची, त्या चुरचुरण्याची ओळख होते. ऐन वेळी तेच जाणवलं की अंग आवळून घ्यायच्या ऐवजी सैल सोडायचं हे शरीराला ठाऊक असतं. आठवड्यातून एक-दोनदा पुरे, रोज केल्याने जास्त फायदा होतो असं दिसलेलं नाही. खाज किंवा पांढऱ्या पाण्याचा संसर्ग असेल, रक्त जात असेल, पाणी गळत असेल, वार खाली असेल किंवा दिवसांआधी कळा यायची भीती डॉक्टरांनी सांगितली असेल तर मालिश करायची नाही. म्हणून सुरू करण्याआधी एकदा विचारून घे.

आता जे मी सगळ्यात कळकळीने सांगणार आहे ते. मी एकतीस वर्षं लेबर रूममध्ये काढली. सुरुवातीच्या काळात जिथे मी शिकले तिथे पहिलटकरीण म्हटली की कात्री तयार ठेवायची, हा नियमच होता. का, असं आम्ही कोणी विचारत नव्हतो. कापलेलं सरळ असतं, फाटलेलं वेडंवाकडं, म्हणून कापलेलं बरं, असं आम्हांला शिकवलं आणि आम्ही पुढच्या मुलींना शिकवलं. ते चुकीचं होतं. सरसकट चीर दिल्याने खोल इजा टळत नाही, उलट गरजेपुरतीच चीर दिली तर खोल इजा कमी होते, हे नंतर नीट तपासून सिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की सरसकट चीर देऊ नये आणि बाळ काढण्यासाठी पोट वरून दाबू नये. ज्या बायकांना मी उगाच कापलं त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. म्हणून तुला सांगते, पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा हा विषय तूच काढ. 'तुमच्याकडे पहिलटकरणीला चीर देतातच, की लागली तरच? मला विचारून द्याल ना? पोट दाबू नका असं माझ्या फाईलवर लिहाल का?' आवाज चढवायची गरज नाही. चांगले डॉक्टर आणि सिस्टर या प्रश्नांनी दुखावत नाहीत.

आणि चीर कधी लागते हेही लक्षात ठेव. बाळाचे ठोके मंदावू लागले, चिमटा लावायचा आहे, किंवा डोकं दिसतंय पण जागा ताणतच नाही आणि मोठं फाटणार हे दिसतंय, अशा वेळी दिलेली तिरकी चीर तुझ्या आणि बाळाच्या भल्याची असते. तेव्हा कोणी सांगितलं तर हो म्हण.

फाटणं टाळण्याचा खरा खेळ असतो तो शेवटच्या काही मिनिटांचा. डोकं हळू यायला हवं. बाकीचे सगळे उपाय या एकाच गोष्टीसाठी आहेत. कातडी आणि स्नायू विलक्षण ताणतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडल्यावर पहिलटकरणीला बाळ बाहेर यायला तीन तासांपर्यंत लागू शकतात. बाळाचे ठोके चांगले असतील तर घाई करायचं कारण नाही. लेबर रूममध्ये चारी बाजूंनी 'श्वास कोंड, जोर कर, अजून जोर कर' असा गजर सुरू होतो. तो गजर मीही केलाय. खरं तर स्वतःला जोर करावासा वाटेल तेव्हाच, वाटेल तेवढाच करायचा असतो.

उताणं झोपून पाय वर टांगलेच पाहिजेत असंही नाही. माझी आजी सांगायची, वैजीण, म्हणजे सुईण, यायची आणि बाई वाशाला बांधलेला दोर धरून उकिडवी बसायची. उभ्या-बसत्या स्थितीत चीर द्यायची वेळ कमी येते, पण आपोआप थोडं फाटण्याचं आणि रक्त जास्त जाण्याचं प्रमाण किंचित वाढतं. त्यामुळे अगदी शेवटी कुशीवर निजणं किंवा गुडघ्या-हातांवर ओणवं होणं मला जास्त पटतं. डोकं सावकाश येतं. कुशीवर घ्याल का, हे आधीच विचारून ठेव. तुला बरं वाटेल ती स्थिती निवडायचा हक्क तुला आहे.

डोकं दिसू लागलं की सिस्टरला गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ कापड त्या जागेवर धरायला सांग. हाताला सोसेल एवढंच गरम. इतका साधा उपाय, पण अभ्यासांत त्याने खोल इजा निम्म्यापर्यंत खाली आलेली दिसते. दुखणंही कमी होतं. सिस्टरचा एक हात डोक्यावर, त्याला धीम्याने येऊ देणारा, आणि दुसरा खाली आधाराला. मग एक क्षण येतो, खाली आग लागल्यासारखं होतं, वाटतं आता एकदाच जीव खाऊन जोर करावा आणि सुटावं. तिथेच जोर थांबवायचा. तोंड उघडं ठेवून, गरम पेजेवर फुंकर घालतात तशी, छोट्या छोट्या फुंकरा. फू, फू, फू. कळ आपलं काम करतेच. दोन कळांच्या मध्ये, फुंकरीवर डोकं बाहेर आलं तर निम्मी लढाई जिंकली. ही फुंकर घरी आजपासून कर, खरोखरच्या पेजेवर कर.

बाळ छातीवर आलं की बायकांचं खाली लक्ष राहत नाही, ते बरोबरच आहे. पण दोन गोष्टी तिथेही विचार. टाके घालण्याआधी बधिर करायचं इंजेक्शन द्या, आणि सुई टोचलेली समजत असेल तर लगेच सांग, 'अजून दुखतंय'. आता झालं, सोस, असं कोणी म्हटलं तर परत सांग. आणि टाके झाल्यावर विचार, 'किती खोल होतं? मागचा स्नायू तपासला का?' तुझ्या बहिणीसाठी हा प्रश्न कोणी विचारला असता तर, असं मला तुझं पत्र वाचल्यापासून वाटतंय.

घरी आल्यावरचं आता. पहिले दोन-तीन दिवस बर्फ स्वच्छ फडक्यात गुंडाळून दहा-दहा मिनिटं ठेव, सूज उतरते. पॅरासिटामॉल दूध पाजतानाही चालते, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे घे, दुखणं दाबून ठेवू नकोस. लघवी करताना तांब्याने कोमट पाणी ओतत राहिलीस तर चुरचुरत नाही. पॅड तीन-चार तासांनी बदल. तुझं बाळंतपण पावसाळ्यातलं, कपडे धड वाळत नाहीत. दमट फडकी वापरू नकोस. भाणातलं, म्हणजे न्हाणीतल्या मोठ्या भांड्यातलं, कढत पाणी पाठीवर, कमरेवर हवं तेवढं घे, टाक्यांवर मात्र कोमटच. आणि खाटेखाली निखारे ठेवून धुरी घ्यायची पद्धत घरात असेल तर ओल्या टाक्यांना ती नको. तिथली कातडी सुजलेली असते, भाजलेलं पटकन कळत नाही. हळद, तेल, पावडर, काहीही जखमेला लावायचं नाही. सासूबाई किंवा आई प्रेमाने आणतील, तेव्हा प्रेमानेच बाजूला ठेव.

सगळ्यात जास्त भीती असते ती पहिल्या शौचाची. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं हा समज काही घरांत आहे, त्याने मलावरोध होतो आणि टाक्यांवर ताण येतो. भरपूर पाणी पी. उकड्या तांदळाची पेज, तांबडी भाजी, आळसाणे, पपई, सगळं खा. डिंकाच्या लाडवाबरोबर इसबगोल चालतं का, असं मला एकीने विचारलं होतं. चालतं. कमोडवर बसताना पायांखाली पाट ठेव आणि कुंथू नकोस. टाके तुटतील असं वाटत असेल तर स्वच्छ पॅड समोरून धरून आधार दे. वारा रोखताना आवळतो तसे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम आत्तापासूनच कर, दिवसातून तीन वेळा दहा-दहा. बाळंतपणानंतर दुखत नसेल तसा परत सुरू कर.

दुखणं दिवसागणिक उतरायला हवं. उलट वाढत गेलं, घाण वास आला, पू आला, ताप चढला, टाके उसवले, किंवा वारा-शौच हातात राहिलं नाही, तर सहा आठवड्यांच्या तपासणीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. पॅड तासाभरात भिजून जात असेल तर थेट १०८ ला फोन. चवथीचे दिवस आहेत, घरात पाहुणे आहेत, आत्ता कशाला, असं कोणी म्हणू नये म्हणून हे नवऱ्याला आजच वाचून दाखव.

शेवटचं, सोबतीचं. सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाला घरची एक बाई सोबत ठेवता येते, केंद्र सरकारच्या सूचना तशा आहेत, आणि ती स्वतः बाळंत झालेली असली तर उत्तम. जोडीला कोणी असलं की बाईला धीर राहतो, आणि तुझ्या वतीने 'गरम कापड धरा, कुशीवर घ्या' असं म्हणणारं कोणीतरी असतं. तुझ्या मनात बहीण असेल. तिला विचार, पण आग्रह करू नकोस. तिच्यासाठी ती खोली अजून तीच खोली आहे. ती नको म्हणाली तर आईला ने, आणि बहिणीला बाळ बघायला बोलाव. त्याआधी मात्र तिला घेऊन दवाखान्यात जा. तुझी पुढची तपासणी असेल त्याच दिवशी, एकाच बसने, दोघींच्या फाईली एका पिशवीत घालून.